काढलेला पूल

१

जुन्या कार्टूनमधल्या गायीच्या अंगावरची धूळ पुसणं हे ठिणगीचं पोटापाण्याचं काम होतं. कॉलेजातल्या मैत्रिणी कुणी बँकेत चिकटल्या, कुणी परीक्षांवर परीक्षा देत बसल्या. ही मात्र सकाळी नऊला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढून संगणकासमोर बसायची आणि आजोबांच्या वयाच्या फिल्मवरचे ओरखडे, बुरशी, कुणाच्या तरी अंगठ्याचे ठसे एकेका फ्रेममधून वेचायची. सेकंदाला चोवीस फ्रेमा. सात मिनिटांच्या कार्टूनला दहा हजारांवर. या कामाला दोन गोष्टी लागतात. डोळे, आणि चूक दिसली की बोलल्याशिवाय न राहवण्याची खोड. ती खोड तिच्यात जन्मजात होती, म्हणून तर घरच्यांनी ठिणगी हे नाव ठेवलं होतं. आजी स्वतःच्या लग्नाचं वर्ष चुकीचं सांगत होती तर हिने भर पाहुण्यांत ते दुरुस्त केलं होतं. वडील म्हणायचे, "हिच्यासमोर शिंकायचं तेसुद्धा व्याकरण सांभाळून."

तिला ही नोकरी लावली मधल्या काकांनी. वडिलांचे मधले भाऊ म्हणून ते मधले, आणि तरुणपणी कार्टूनच्या कंपनीत मधली चित्रं काढायला होते म्हणूनही मधलेच. मोठा चित्रकार गायीने पाय उचलल्याचं चित्र काढायचा आणि पाय टेकल्याचं काढायचा. दोहोंच्या मधली सात काकांच्या वाट्याला.

"पहिल्या चित्राला नाव, शेवटच्याला टाळ्या," काका सांगायचे. "पण गाय चालवली कुणी? आम्ही!"

हे वाक्य ठिणगीने कमीत कमी दोनशे वेळा ऐकलं होतं.

कंपनी कधीच बंद पडली. रिळं मागच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका कोठारात राहिली आणि कोठाराशेजारच्या खोलीत रिळांची देखभाल करायला काका राहिले. दोन इमारतींच्या मध्ये फरसबंद अंगण, आणि वर तिसऱ्या मजल्यावर, या दारापासून त्या दारापर्यंत, फळ्यांचा अरुंद पूल. पंधरा पावलांचा. रोज अकराच्या ठोक्याला काका त्या पुलावरून यायचे. काखेत रिळाचा डबा, हातात ट्रे, ट्रेवर दोन कप चहा, तोंडाने शीळ. उजेड आत येऊ नये म्हणून ठिणगीच्या मागच्या दारावर काळा जाड पडदा होता. काका पायाने दार ढकलायचे, पडद्यातून आधी ट्रे यायचा, मग चष्मा, मग काका.

"सांडला नाही बघ एक थेंबसुद्धा!"

हे वाक्यही दोनशे वेळा.

२

पावसापाण्याचे दिवस नव्हते, तरी कुठूनसा ताप आला आणि ठिणगी आठ दिवस घरी पडून राहिली. सोमवारी कामावर परतली तर अकराला काका हजर. ट्रे, चष्मा, काका.

"बरी झालीस ना? तू नव्हतीस आणि इथे आठवडाभर ठोकाठोक. कानात बोळे घालून बसलो होतो. पण पूल मात्र झकास काढलाय हं."

"बांधलाय म्हणा, काका. काढलाय काय? चित्र आहे का ते?"

"मी नाही म्हणत, ठिणगे, दारावर कागदच लावलाय तसा. चांगलं टाइप करून. मी म्हटलं, वा! कुणीतरी आपल्यातला माणूस दिसतोय."

ठिणगीने उसासा सोडला. काकांचे विनोद समजून घ्यायला बसलं तर दुपार व्हायची.

दुसऱ्या दिवशी डबे जास्त होते म्हणून ती स्वतः कोठारात गेली. जाताना रस्त्याने वळसा घालून मागच्या इमारतीच्या जिन्याने, कारण वाटेत तिला टपाल द्यायचं होतं. येताना काकांच्या मागोमाग, पुलावरून. हातात पाच डब्यांची चळत हनुवटीपर्यंत आलेली, समोर काकांची पाठ, आणि तोंडाने भांडण चालू. भांडण कशावरून, तर कार्टूनमधल्या दूधवाल्याची टोपी डावीकडे कललेली की उजवीकडे. काका चुकत होते आणि कबूल करत नव्हते. म्हातारी माणसं कबूल करतात का कधी?

तेवढ्यात एक गोष्ट तिच्या नजरेला टोचली. कठड्याच्या एका खांबावर रंगाचा ओघळ होता, लांबट, टोकाला वळलेला. तीन खांब गेले आणि पुन्हा तोच ओघळ. पुन्हा तीन खांब, पुन्हा तो. तीच लांबी, तेच वळण.

'एकाच माणसाने रंगवलं की असं होतं,' तिने स्वतःला सांगितलं. शिवाय पंधरा पावलांच्या पुलावर एवढं मोठं भांडण मावलं कसं, हाही विचार येऊन गेला. पण तोवर दार आलं, आणि टोपीचा मुद्दा तिने जिंकला होता.

३

ज्या कार्टूनवर काम चालू होतं, ते शनिवारी एका छोट्या हॉलमध्ये दाखवायचं होतं. कार्टूनमध्ये एक लठ्ठ दूधवाला आणि त्याची गाय. गायीच्या अंगावर सात काळे ठिपके. शिपाई मागे लागला की गाय खुशाल एक ठिपका अंगावरून सोलायची, रस्त्यावर फेकायची. ठिपक्याचं व्हायचं भोक आणि शिपाई त्यात धप्पकन गायब. मग गाय ठिपका उचलून, झटकून, पुन्हा पाठीवर चिकटवायची. झटकताना आतून शिपायाची शिट्टी ऐकू यायची. या जागी ठिणगीला रोज हसू यायचं, आणि रोज हसू यावं याचा रागही यायचा.

शेवटी दूधवाला गिऱ्हाइकं मोजता मोजता छपराच्या कडेवरून पुढे चालत जातो. हवेत. ऐटीत. एका ढगाला अर्धा शेर दूधही घालतो. मग गाय हंबरते, तो खाली बघतो, आणि बघितल्यावर पडतो. तोपर्यंत नाही.

"नियमच होता आमचा," काका म्हणायचे. "खाली बघितल्याशिवाय पडायचं नाही."

पण आलेल्या रिळात तो पडतच नव्हता. हवेत चालत होता आणि एकदम 'समाप्त'. मधला तुकडा गायब. कामाच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "तुकडा शोध. पडलाच नाही तर लोक हसणार कशाला?"

बुधवारी तो सापडला. एका डब्याच्या झाकणात चिकटवलेलं पाकीट, त्यावर काकांचं अक्षर: 'बघणं. चित्रं आठ.' आत नीट गुंडाळलेला फिल्मचा तुकडा. ठिणगीने तो उजेडात धरला. पहिल्या चित्रात शीळ थांबते, ओठ अजून गोलच. दुसऱ्यात कान ताठ. तिसऱ्यात एक भुवई वर. चौथ्यात बुबुळं सरकतात. पाचव्यात हनुवटी. सहाव्यात मान. सातव्यात टोपी पुढे घसरते. आठव्यात त्याने बघितलेलं असतं.

"काका, हा तुकडा कुणी काढला?"

"मी."

"काढला म्हणजे चित्रं काढली, की कापून काढला?"

"दोन्ही. मीच काढला होता, मीच काढला." काकांनी चहाचा घोट घेतला. "चाळीस वर्षं पडत होता ग बिचारा. चांगला चाललेला असायचा. पुरे म्हटलं."

"तुम्ही कोण ठरवणारे? जे आहे ते दाखवायचं!"

"तो हवेत चालतो, तेही असतंच की, पडेपर्यंत," काका म्हणाले आणि रिकामे कप गोळा करून शीळ घालत पडद्यामागे गेले.

टक, टक, टक. कोरड्या लाकडावर चपला वाजत गेल्या. मोठ्या माणसांशी वाद घालायचा म्हणजे भिंतीशी टेबल टेनिस. ठिणगीने तुकडा साफ करायला घेतला. आठही चित्रं तिला संध्याकाळपर्यंत तोंडपाठ झाली.

४

गुरुवारी दुपारी डोळे चुरचुरायला लागले म्हणून ती खाली अंगणात आली. एरवी ती रस्त्याकडच्या जिन्याने यायची-जायची. अंगणात येण्याचं कारणच पडायचं नाही. वॉचमन खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. त्याच्यामागे भिंतीला टेकवून जुन्या फळ्या रचल्या होत्या. खिळे वर आलेले, काही चिरफळलेल्या.

"दुरुस्तीत बऱ्याच निघाल्या की फळ्या," ठिणगी म्हणाली.

"दुरुस्ती कसली, मॅडम? पूल काढला."

"हो, ऐकलंय. झकास काढलाय म्हणे."

वॉचमनने मान हलवली. "काढला म्हणजे काढून टाकला. कुजला होता सगळा. कठडेबिठडे सगळं भंगारात गेलं, या फळ्या तेवढ्या राहिल्यात. तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हाच." आणि त्याने बोट वर केलं.

दोन इमारतींच्या मध्ये आकाशाची सरळ निळी पट्टी होती. तिला कुठे आडवी रेघ नव्हती.

ठिणगी हसली. चूक दाखवायच्या आधी ती नेहमी हसायची, तसं. "हे बघा दादा, आमचे काका रोज अकराला त्या पुलावरून येतात."

"जिन्याने येत असतील."

"त्यांना तीन मजले उतरून तीन चढवतील का? गुडघे बघितलेत?"

"मग मी इथे बसलेलो असतो, मला दिसले असते. इथून कुणी जात नाही. आणि वर मान करून बसायला मी काय कबुतरं पाळतो?"

"मग उद्या अकराला बघा वर मान करून," ठिणगी फणकाऱ्याने म्हणाली. तिचं बरोबर आहे हे कुणी मानलं नाही, की तिचा तोल असा जायचा.

ती जिना चढायला लागली. मंगळवारी आपण डबे घेऊन आलो ते कशावरून, हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावर तिच्यापर्यंत पोचला.

५

वर येऊन तिने काळा पडदा बाजूला केला. दाराला आतल्या बाजूने एक टाइप केलेला कागद चिकटवलेला होता. तो पडद्याआड होता, म्हणून तिला दिसला नव्हता.

'पूल काढला आहे. कृपया नोंद घ्यावी.'

अगदी तिला शोभेलसं स्वच्छ, निर्दोष वाक्य. तिने दार उघडलं. उंबरठा, मग भिंतीतून बाहेर आलेले कापलेल्या लोखंडाचे दोन ठोकळे, आणि पुढे हवा. समोर, पंधरा पावलांवर, काकांचं बंद दार. हवेला उन्हात तापलेल्या लाकडाचा वास येत होता. तिने दार लावून घेतलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

तर्क लावायला तिला वेळ लागला नाही. काका दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने येतात. गच्चीवरून. गच्चीला जोडवाट नाही. मग जिन्याने, हळूहळू. वॉचमन डुलकी काढत असणार. मग चहा वाफाळता कसा? आणि फळ्यांचा आवाज? आवाज सवयीने ऐकू येतो. आणि मंगळवार? मंगळवारी अंगात कसर होती. ठीक. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. फक्त सगळी उत्तरं ओळीने मांडली की मधली चित्रं नसलेल्या कार्टूनसारखी दिसत होती.

खरंतर एकच गोष्ट करायची होती: काकांना सांगायचं. पूल नाहीये. जिन्याने या. एवढी साधी चूक आहे, शब्दाची. ते चित्रकार, पुलाच्या बाबतीत त्यांना 'काढला'चा एकच अर्थ सुचला. आयुष्यभर ती मोठ्या माणसांच्या चुका दुरुस्त करत आली होती. ही तर करायलाच हवी. नाहीतर एक दिवस ते—

हे वाक्य तिने पुरं केलं नाही.

६

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना तिने पडदा सारला, दार सताड उघडलं आणि चौकट धरून उभी राहिली. वाक्य तयार होतं. अकरा वाजले. समोरचं दार उघडलं. ट्रे आला, चष्मा आला, काका आले.

तिने तोंड उघडलं, आणि काकांनी पाऊल टाकलं.

टक.

तिला त्यांची चप्पल तेवढी दिसली. चपलेखाली, ती टेकली तेव्हा, चपलेएवढीच एक बारीक काळी रेघ होती. पाऊल उचललं, रेघ नव्हती. पुढचं टेकलं, तिथे होती. मध्ये ऊन.

टक. टक. शीळ. काकांची नजर कपांवर होती. मग वर झाली आणि ती दारात दिसल्यावर ते हसले. त्यांचा चेहरा असा भरल्या पोटाचा, सुखाचा, काहीही देणं न लागणाऱ्या माणसाचा होता. ठिणगीच्या घशात तयार असलेलं शुद्ध वाक्य तिथेच राहिलं. सांगितलं तर ते काय करतील? कुणीही काय करेल? आधी बघेल.

तिने जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं.

आणि खालून वॉचमनचा आवाज आला. "अहो! अहो काका! खाली—"

तिनेच त्याला बघायला सांगितलं होतं.

काका पुलाच्या मध्यावर थांबले. शीळ थांबली, ओठ गोलच राहिले. एक. कान जरासे मागे ओढले गेले. दोन. उजवी भुवई वर. तीन. ठिणगीला पुढची पाचही पाठ होती. चष्म्यामागे बुबुळं सरकायला लागली.

"काका, गायीला ठिपके सहाच आहेत!"

बुबुळं थांबली.

"सहा?"

"सहा! मोजले मी. तुम्ही एक विसरलात काढायला." ती उंबरठ्यावरून पुढे झाली होती. पायाखाली काहीतरी वाजलं, ते तिने ऐकलं नाही असं ठरवलं. "चाळीस वर्षं चुकीची गाय दाखवताय लोकांना!"

"सात आहेत सात!" काकांचा आवाज चढला. "मी काढलीये ती गाय, तू मला शिकवतेस?"

"चुकलात तर चुकलात म्हणा ना."

"शेपटीमागचा धरलास का?"

"शेपटीमागे काही नाहीये."

"नाही कसा? शिपाई त्यातच पडतो, अर्धवटे!"

बोलता बोलता ती त्यांच्यापर्यंत पोचली होती; तिने ट्रेची दुसरी कड धरली. डोळे त्यांच्या चष्म्यावर रोवून ती एकेक पाऊल मागे सरकू लागली, आणि काका भांडत भांडत पुढे येऊ लागले. डाव्या बाजूने खांब सरकत होते, हे तिला कळत होतं. तोच ओघळ, तीन खांब, तोच ओघळ. काकांच्या चष्म्याच्या काचेत तिला ती स्वतः दिसली, आपलं दार दिसलं, आणि काचेच्या खालच्या कडेला, फळ्या असायला हव्या होत्या तिथे—

तिने नजर त्यांच्या भुवईवर नेली.

"बरं, आणि टोपी?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "टोपीचंही अजून मिटलेलं नाही."

खाली आता कुणी ओरडत नव्हतं. तिच्या टाचेला उंबरठा लागला.

७

"सांडला नाही बघ एक थेंबसुद्धा," काका म्हणाले. मग, "अग, जमिनीवर का बसलीस? चहा घे. ठिपके सात आहेत."

"सात आहेत," ठिणगी म्हणाली. "चुकलं माझं."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "ताप आहे का अजून?"

तिने पाकीट पुन्हा झाकणात चिकटवलं. मॅडमना सांगितलं की तुकडा सापडला नाही. हे तिचं आयुष्यातलं दुसरं खोटं, पहिलं ठिपक्यांचं. शनिवारी हॉलमध्ये दूधवाला छपराच्या कडेवरून पुढे गेला, ढगाला दूध घातलं, आणि लोक तो आता पडेल, मग पडेल म्हणून वाट बघत हसत राहिले. 'समाप्त' आल्यावर आधीपेक्षा मोठं हसू फुटलं. काका डोळे पुसत होते. मॅडमसुद्धा म्हणाल्या की असंच बरं वाटतं.

वॉचमनने अंगणातली खुर्ची उचलून रस्त्याकडच्या फाटकाशी नेली. सोमवारी सकाळी ठिणगी दिसल्यावर तो उठून उभा राहिला. आधी त्याने तिच्या चपलांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम... तुम्हीपण?"

"दादा, मान खाली ठेवत जा," ती म्हणाली. "आणि कागद काढा तो दारावरचा." मग घाईने, "म्हणजे फाडून टाका."

अकराला ट्रे आला, चष्मा आला, काका आले. तिने विचार करून ठेवला होता. चहा पिता पिता सहज म्हणाली, "काका, उद्यापासून डबे मीच आणत जाईन. जिन्याने. तुम्ही कशाला येरझारा घालता?"

"का? पुलाला काय झालंय?"

कप हातात तसाच ठेवून काका वळले. पडदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. ते बाहेर डोकावून बघणार होते, आठातली सहा चित्रं झाली होती, मान वळली होती.

"काही नाही," ठिणगी म्हणाली. तिने पुढे होऊन त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने पडदा सारला आणि समोरच्या दाराकडे, फक्त समोरच्या दाराकडे, बघत उंबरठ्यापाशी उभी राहिली. "पुलाला काय होणार? झकास काढलाय. चला, डबे जड असतील ना, मी येते. आणि ते तुमचं, गाय कुणी चालवली ते, पुन्हा एकदा सांगा."

"दोनशे वेळा सांगितलंय."

"मग दोनशे एक."

काका खूश झाले. दोघांनी एकदम पाऊल टाकलं. टक.